काच काजळली की वात उतरली? काक्षी मंदावल्याचं प्रकरण

२६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी सूर्यग्रहण होतं. कंकण दिसणारा पट्टा आमच्या बराच दक्षिणेला, कासरगोडच्या बाजूनं गेला. खानापूर तालुक्यात आम्हाला खंडग्रास मिळालं. शाळेच्या पटांगणात चष्मे वाटून आम्ही ते पोरांना दाखवलं. ग्रहण म्हणजे अमावस्या, रात्री चंद्राचा अडथळा नाही, म्हणून नववी-दहावीच्या पंधरा-वीस पोरांना संध्याकाळी परत बोलावलं. आमचं गाव जांबोटीच्या वाटेवर, जंगलाला लागून. रात्री माळावर जायची सोय नाही, अस्वलं उतरतात. तेव्हा मळणी उरकून रिकाम्या झालेल्या गावालगतच्या खळ्यावरच घोंगडी अंथरली.

साडेआठच्या सुमारास मृग पूर्वेला चांगला वर आला. दहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, मृगाचा एक पाय मंद पडलाय."

आपल्याकडे चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय, मधले तीन म्हणजे व्याधानं मारलेला बाण. त्यातला तांबूस पाय म्हणजे काक्षी, ज्याला जगभर बीटलज्यूस म्हणतात. पंचांगातली आर्द्रा ती हीच, असं बहुतेक जण मानतात. आमच्याकडे मृग निघाला की पेरणीची घाई आणि पाठोपाठ आर्द्राचा पाऊस. कन्नड शेजारी 'आरिद्रा मळे' म्हणतात. म्हणजे या ताऱ्याचं नाव गावात प्रत्येकाच्या तोंडी, पण मान वर करून त्याच्याकडे बघणारे थोडे.

मुलीचं म्हणणं खरं की डोळ्याचा भास, हे बघायला आमच्याकडे वही होती. तिच्यात पोरं डोळ्यांनी अंदाज लिहायची: हा तारा त्या ताऱ्यापेक्षा उजवा, याच्यापेक्षा डावा. काक्षीची नेहमीची जागा प्रश्वा आणि रोहिणी यांच्या मधे. ताऱ्यांच्या प्रतीत आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. प्रश्वाची प्रत ०.३ च्या आसपास, रोहिणीची ०.९. त्या रात्री काक्षी रोहिणीच्या खाली गेला होता. मिथुनेतला पोलक्स १.१ चा, त्याच्याहीपेक्षा तो किंचित मंद वाटला. लाल तारा टक लावून बघितला की डोळ्याला आहे त्याहून तेजस्वी भासतो, म्हणून पोरांना ओझरती नजर टाकायला शिकवलं होतं. सहा जणांनी वेगवेगळे अंदाज लिहिले, एकमेकांचं न बघता. सहाही रोहिणीच्या खाली.

जानेवारीत तो आणखी उतरला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तळ आला: प्रत १.६. मृगाचा दुसरा पुढचा पाय म्हणजे बेलाट्रिक्स, तोही १.६ चाच. हरणाचे ते दोन पाय त्या दिवसांत अगदी सारखे दिसत होते आणि हे बघायला दुर्बीण लागत नव्हती. नेहमीच्या उजेडाच्या जेमतेम एक तृतीयांशावर तो आला होता.

खळ्यावरचा प्रश्न

तोवर टीव्हीवर, मराठीत आणि कन्नडमध्येही, तारा फुटणार म्हणून सुरू झालं होतं. खळ्याच्या राखणीला एक आज्जा असायचे. करंट गेला की कंदील लावून बसायचे. त्यांनी विचारलं, "गुरुजी, तारा फुटालाय म्हणं. खरं काय?"

मी सांगितलं की त्याचा उजेड कमी झालाय हे खरं, बाकी ठरायचंय. आज्जा म्हणाले, "उजेड कमी झाला म्हणून तेल संपलं असं कशावरनं? काच काजळली का वात उतरली, ते आधी बघायला नको?"

"ते लांबनं कसं कळणार?"

त्यांनी कंदील पुढं ओढला आणि तळहात वरच्या टोपणावर वीतभर धरला. "धग तेवढीच असली तर काच. धग कमी झाली तर वात."

गेली वीस वर्षं मी विज्ञान शिकवतोय. ताऱ्यांच्या अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या धगेच्या किरणांच्या, अभ्यासाचा गाभा इतक्या थोडक्यात मी कधी सांगितला नव्हता. या प्रकरणाची मांडणी पुढं मी त्याच प्रश्नाभोवती केली, आणि आजही पोरांना हे प्रकरण शिकवताना आधी कंदील आणतो.

वाताहत होत आलेला तारा

काक्षीचं वस्तुमान सूर्याच्या साधारण पंधरा ते वीस पट. एवढा मोठा तारा इंधन उधळतो. सूर्य साडेचारशे कोटी वर्षांचा होऊनही मध्यान्हीला आहे, आणि काक्षी एक कोटी वर्षांच्या आतबाहेरच म्हातारा झालाय. म्हातारपणी तो फुगलाय. सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाच्या कक्षेच्या पलीकडं जाईल. इतक्या फुगलेल्या ताऱ्याची आपल्या बाहेरच्या थरांवर पकड राहत नाही. आतून गॅसचे प्रचंड बुडबुडे उसळतात, पृष्ठभाग चारशेएक दिवसांच्या लयीत खालीवर होतो आणि बाहेरचा माल सुटून जात राहतो. दर तीनेक वर्षांत पृथ्वीएवढं वस्तुमान जातं असा ढोबळ हिशेब आहे.

हा माल ताऱ्यापासून लांब गेला की थंड होतो. तापमान साधारण बाराशे अंश सेल्सिअसच्या खाली आलं की सिलिकॉन, ऑक्सिजन, मॅग्नेशियम, लोह यांचे कण धरू लागतात. निपाणीकडं पाहुण्यांच्या गुऱ्हाळावर पोरांनी हे पाहिलंय: चुलवाणातल्या जाळाच्या पोटात काजळी दिसत नाही, जाळ जिथं थंडावतो तिथं वर धुराड्याच्या तोंडाशी ती धरते. ताऱ्याभोवतीची ही काजळी म्हणजे दगडाची पूड, तुमच्या-माझ्या अंगणातल्या मातीच्याच कुळातली. कण एक मायक्रॉनपेक्षाही बारीक, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भागही नाही.

असा कण डोळ्याला दिसणारा प्रकाश अडवतो आणि गिळतो. पण गिळलेलं त्याला पचत नाही, परत द्यावं लागतं. तो तापतो, आणि काहीशे अंशांना तापलेली कुठलीही वस्तू अवरक्त किरण टाकते. वीटभट्टी रात्री विझल्यासारखी दिसते तरी दहा पावलांवरून गालाला धग लागते, तेच हे. म्हणून म्हाताऱ्या ताऱ्याचं जमाखर्चाचं पुस्तक दोन रकान्यांत लिहावं लागतं. एक उजेडाचा रकाना, एक धगेचा. उजेडात घटलेलं धगेत जमा दिसलं तर काच काजळली.

सिलिकेटच्या धुळीची तर अवरक्तात सहीच असते. ९.७ मायक्रॉनच्या आसपास एक उंचवटा येतो, १८ च्या आसपास दुसरा. १९६९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या वुल्फ आणि नी यांनी थंड, लाल ताऱ्यांभोवती हा उंचवटा दाखवला आणि ही सिलिकेटची धूळ आहे असं म्हटलं. काक्षी त्या ताऱ्यांपैकीच एक. म्हणजे या संशयिताची धगेच्या रकान्यातली वही ताज्या घटनेच्या पन्नास वर्षं आधीच उघडलेली होती.

पुरावे एकमेकांना भिडतात

आता घटनेकडं. २०२० च्या मध्यापर्यंत दोन तट पडले होते.

काचेच्या बाजूचा पुरावा असा. लेवेस्क आणि मॅसी या खगोलशास्त्रज्ञांनी १४ फेब्रुवारीला, ऐन तळाच्या दिवसांत, ताऱ्याचा वर्णपट घेतला, म्हणजे त्याचा प्रकाश रंगारंगांत फोडून नोंदला. तापमान निघालं ३६०० केल्विन. २००४ मध्ये तेच ३६५० होतं. पन्नास अंशांच्या फरकानं एवढा उजेड जाऊ शकत नाही, तेव्हा मधे धूळ आली असणार, असं त्यांचं म्हणणं. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीनं जानेवारी आणि डिसेंबर २०१९ मध्ये ताऱ्याच्या तबकडीचेच फोटो घेतले होते. ते शेजारी ठेवले की दक्षिणेकडचा अर्धा भाग काळवंडलेला स्पष्ट दिसतो. सगळीकडून सारखा नव्हे, एका बाजूनं.

वातीच्या बाजूचा पुरावाही तितकाच ठाम. सबमिलिमीटर लहरींत, म्हणजे अवरक्ताच्याही पलीकडं, तारा वीस टक्क्यांनी मंद झालेला धर्मवर्धना आणि सहकाऱ्यांना आढळला. या लांब लहरींना तसली धूळ अडवू शकत नाही. तिथंही घट दिसत असेल तर पृष्ठभागच थंडावला असणार.

आणि मधोमध एक मोजणी होती, जिनं मला बरेच दिवस चकवलं. फेब्रुवारी २०२० मध्येच मिनेसोटा विद्यापीठाच्या दुर्बिणीतून अवरक्तात काक्षी मोजला गेला. तो पन्नास वर्षांपूर्वी होता तसाच निघाला. धग जागच्या जागी! ही बातमी वाचून मी पोरांना सांगून मोकळा झालो की काच काजळली, आज्जांच्या हाताच्या परीक्षेत निकाल लागला.

त्या मुलीनं हिशेब मागितला. वात थोडीच उतरली असेल तर धग किती कमी होईल? तापलेली वस्तू कुठल्या लहरीत किती तेज टाकते हे सांगणारं प्लांकचं सूत्र आम्ही फळ्यावर मांडलं. ३६०० केल्विनचा पृष्ठभाग ३४६० वर आणला. पिवळ्या-हिरव्या प्रकाशात, ०.५५ मायक्रॉनला, तेज साधारण पाव भाग घटतं. २.२ मायक्रॉनला जेमतेम आठ टक्के. शिवाय इतक्या थंड ताऱ्याच्या वातावरणात टायटॅनियम ऑक्साईडचे रेणू असतात. तारा थोडा गार झाला की ते वाढतात आणि दिसणारा प्रकाश आणखी खातात. अवरक्ताला त्यांचा फारसा उपद्रव नाही. म्हणजे वात उतरली तरी उजेड खूप जातो आणि जवळच्या अवरक्तातली धग जवळपास तशीच राहते. काच काजळली तरी तेच. नुसत्या त्या मोजणीवरून दोघांतला फरक करता येत नाही.

माझा निकाल घाईचा होता, तो मी वर्गात मागं घेतला. कंदिलावर धरलेला हात चूक नव्हता. धगेच्या एकाच कप्प्यावर विसंबणं चूक होतं. पूर्ण रकाना हवा: जवळचं अवरक्त, मधलं अवरक्त, ९.७ चा धुळीचा उंचवटा, आणि हे सगळं आधी-नंतरच्या सलग नोंदींसकट.

आणखी एका फोटोबद्दल इथंच सांगतो, कारण त्यावरून मोठा गैरसमज झाला. डिसेंबर २०१९ मध्ये व्हीएलटीवरच्या व्हिसिर या उपकरणानं अवरक्तात घेतलेलं काक्षीचं चित्र सगळीकडं फिरलं. मधे काळा गोल आणि भोवती ज्वाळांसारखी तांबडी धूळ. 'हाच तो पडदा' असं पुष्कळांनी लिहिलं. तसं नाही. तारा फार प्रखर म्हणून तो मुद्दाम झाकला होता, आणि भोवती दिसते ती पूर्वी केव्हातरी सुटलेली, लांब गेलेली धूळ. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तशाच चित्रात हा धुळीचा पसारा ताऱ्यापासून ६,००० कोटी किलोमीटरपर्यंत, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या चारशे पट लांब दिसला होता. २०१९ ला उजेड अडवणारी धूळ त्या झाकलेल्या गोलाच्या आत, ताऱ्याला चिकटून होती. तरी ते चित्र मला मोलाचं वाटतं: हा तारा अशी काजळी पुन्हा पुन्हा टाकत आलाय, याचा तो दाखला आहे.

पावसाच्या उपग्रहानं दिलेली साक्ष

सलग नोंदी का नव्हत्या? एक तर हवा. हवेतली वाफ अवरक्त गिळते. म्हणून आपल्याकडं अशा दुर्बिणी माउंट अबूला गुरुशिखरावर किंवा लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर आहेत. तिथंसुद्धा काही खिडक्याच उघड्या असतात, बाकी तावदानं बंद. दुसरं, मधल्या अवरक्तात आकाश स्वतःच तापलेलं असतं, दुर्बीणही तापलेली असते. भरदुपारी दिवा शोधण्यासारखं काम. तिसरं, मे ते जुलै काक्षी सूर्याच्या आसपास असतो, जमिनीवरून बघताच येत नाही. आमच्याकडं तर त्याच्याच नावाचा पाऊस त्या दिवसांत त्याला झाकतो.

उत्तर आलं ते कुणी वाट बघत नव्हतं अशा ठिकाणाहून. जपानचा हिमावारी-८ हा हवामानाचा उपग्रह. आपल्या इन्सॅटसारखाच भूस्थिर, सुमारे ३५,८०० किलोमीटरवर. मोबाइलवर मान्सूनचे ढग दिसतात ती रात्रीची चित्रं अवरक्तातली असतात. ढगाचा माथा किती गार, त्यावरून तो किती उंच, हे १० ते १२ मायक्रॉनच्या पट्ट्यांत कळतं. नेमका हाच भाग धुळीच्या उंचवट्याच्या शेजारचा. हिमावारी-८ तेव्हा दर दहा मिनिटांनी पृथ्वीची पूर्ण तबकडी टिपायचा, ०.४५ ते १३.५ मायक्रॉनपर्यंतच्या सोळा पट्ट्यांत. चौकटीच्या कोपऱ्यांत तबकडीबाहेरचं काळं आकाश येतं. त्या काळ्या कोपऱ्यात अधूनमधून काक्षी येऊन जात होता, वर्षानुवर्षं, आणि ढगांच्या चित्रांच्या गठ्ठ्यात तो नोंदला जात होता.

तानिगुची, यामाझाकी आणि ऊनो यांनी हा गठ्ठा उकलला. जानेवारी २०१७ ते जून २०२१, साडेचार वर्षं. वर हवा नाही, पावसाळा नाही, सगळे पट्टे एकाच वेळी मोजलेले. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ताऱ्याचं तापमान साधारण १४० केल्विननं उतरलं होतं आणि मधली धूळही वाढली होती. मंदावण्यात दोघांचा वाटा जवळपास सारखा.

आम्ही फळ्यावर घेतलेला १४० चा आकडा तिथूनच आलाय, हे मोकळेपणानं सांगतो. मुलीनं प्रश्न विचारला २०२० च्या फेब्रुवारीत, तेव्हा आम्ही शंभर अंश धरले होते. तीच उदाहरणं आता या आकड्यानं करून घेतो.

घटनाक्रम आज असा जोडला जातो. हबल दुर्बिणीनं सप्टेंबर ते नोव्हेंबर २०१९ मध्ये अतिनील किरणांत बघितलं तेव्हा ताऱ्याच्या दक्षिण भागावरून दाट, तप्त माल ताशी तीन लाख किलोमीटरच्या वर वेगानं बाहेर निघाला होता. ड्युप्री यांच्या गटानं ते नोंदवलं. आतून उसळलेल्या बुडबुड्यानं पृष्ठभागाचा एक लोट उडवला. त्याच्या मागं पृष्ठभागाचा तो भाग गार पडला. गार पडल्यानं वरच्या गॅसलाही ऊब मिळेना, त्यात धूळ धरली, आणि ती नेमकी आपल्या नजरेच्या रेषेत आली. मोंतार्जेस यांच्या गटानं २०२१ मध्ये व्हीएलटीच्या चित्रांवरून हेच मांडलं होतं. वात उतरली म्हणून काच काजळली. आज्जांनी दोन पर्याय दिले होते, आणि ताऱ्यानं एकातून दुसरा काढला.

यावर आज्जा म्हणाले होते, "असं होतंच की. तेल खराब असलं की वात फडफडते, आणि मगच काच काळी होते."

वहीतली पुढची पानं

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पोरांनी आपापल्या अंगणातून नोंदी चालू ठेवल्या. महिनाअखेर काक्षी परत रोहिणीच्या जवळपास आला, एप्रिलमध्ये तिला मागं टाकून पश्चिमेला कलला. तो फुटला नाही. फुटेल तो कदाचित लाखभर वर्षांनी. साडेपाचशे ते सातशे प्रकाशवर्षांवरून त्याचा आपल्याला धोका नाही, हे आज्जांना तेव्हाच सांगितलं होतं. चांदण्यातही आपली सावली पडेल इतका उजेड मात्र होईल, हे ऐकून त्यांनी विचारलं होतं की मग पेरणी रात्री करता येईल काय.

अशा ताऱ्याचा शेवट आमच्या वहीत दुसऱ्या वाटेनं आला. १९ मे २०२३ ला जपानमधले हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ या दीर्घिकेत नवा तारा दिसला. अंतर सुमारे दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षं. वळवाचे ढग मधून मधून उघडत होते. मुलगी तेव्हा बेळगावात बीएस्सीला होती, सुट्टीला घरी आलेली. सप्तर्षींच्या शेपटीवरून माग काढत आठ इंची दुर्बिणीतून तिनं तो शोधला, अकराव्या प्रतीचा एक ठिपका. तिनंच मग जुन्या चित्रांतून काय निघालं ते वाचून काढलं. फुटण्याआधीचा तो तारा दिसणाऱ्या प्रकाशात अगदी क्षीण होता, धुळीत गुरफटलेला. पण स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीच्या ३.६ आणि ४.५ मायक्रॉनच्या चित्रांत तो वर्षानुवर्षं हजारएक दिवसांच्या लयीत कमीजास्त होताना दिसत होता. फुटल्यावरच्या पहिल्या काही दिवसांच्या वर्णपटांत त्याच्याभोवतीच्या दाट मालाच्या बारीक रेषा होत्या. स्फोटाची लाट त्यातून गेली आणि त्या पुसल्या.

स्पिट्झर ३० जानेवारी २०२० ला बंद करण्यात आली. त्या आठवड्यात काक्षी तळाकडं निघाला होता, आणि आमच्या वहीत तिच्या अक्षरात एक ओळ आहे: "बेलाट्रिक्सपेक्षा थोडा जास्त. खळ्यावर धुकं. आज्जा म्हणतात धग बघा."